केमो चालू असताना घरातली बाकीची औषधं: आबांच्या पिशवीतून बारा निघाली

रिवायंडिंगवाला, सावदा

राम राम मंडळी.

माझं सावद्याला मोटार रिवायंडिंगचं दुकान. तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग यातलं काही विचारा, झोपेतून उठून सांगेन. गोळ्या-औषधातलं मात्र ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे लिहितोय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचे आबा, वय 64, केळीचे शेतकरी. फेब्रुवारीत जळगावला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, पण शेजारच्या लिम्फ नोडमध्ये थोडं सापडलं, म्हणून केमो. दर एकवीस दिवसांनी ऑक्सॅलिप्लॅटिनची सलाईन, आणि त्या दिवसापासून चौदा दिवस घरी कॅपेसिटाबिन 500 च्या गोळ्या. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग सात दिवस सुट्टी. दोन केमो झाले, तिसरा पुढच्या मंगळवारी आहे.

पहिला बरा गेला. दुसऱ्यात अकराव्या दिवशी तोंड आलं. भाकरी सोडाच, वरण-भातही घशाखाली उतरेना. मग जुलाब. आबा सांगतील तर शपथ. माय म्हणाली, रात्रीतून दोनदा परसाकडे उठतात, दिवसाचं तर मोजलंच नाही. विचारलं तर, "मले काही नही झालं, उगी बोंब मारू नको." तेराव्या रात्री अंग तापलं, थर्मामीटरवर 101. शेजारच्या काकांनी पॅरासिटामॉल दिली, तासाभरात ताप उतरला, आम्ही झोपलो. सकाळी परत चढला. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कमरेत एक इंजेक्शन आणि एक सलाईन लावली. दुपारी मला काय वाटलं कोण जाणे, मी जळगावला फोन केला. सिस्टर म्हणाल्या, आहे तसे निघा. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी खूप खाली. दोन दिवस ठेवून घेतलं, अँटिबायोटिक दिलं, मग घरी सोडलं.

तिथे त्या सिस्टरनी मला चांगलंच झापलं. "100.4 च्या वर गेलं की आधी फोन, गोळी नंतर. आणि मधल्या मधे कोणाकडून इंजेक्शन घेऊ नका." मी मान डोलावली, पण कारण कळलं नाही. पॅरासिटामॉल तर आपण जन्मापासून खातो.

घरी आल्यावर मी आबांची औषधाची पिशवी खाटेवर उलटी केली. तीच ती, साडीच्या दुकानाची कापडी. बारा जिन्नस निघाले. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन. शुगरची मेटफॉर्मिन. हॉस्पिटलने दिलेली कॅपेसिटाबिन, उलटीची ऑन्डॅन्सेट्रॉन, जुलाबाची लोपेरामाइड आणि अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅसिडिटीची दुसरी गोळी, ती निघाली पँटोप्राझोलच, फक्त नाव वेगळं. गुडघ्याची अ‍ॅसिक्लोफेनॅक. दुसऱ्या सलाईननंतर बोटांना मुंग्या यायला लागल्या म्हणून गावातल्याच डॉक्टरांनी दिलेली 'नसांची गोळी'. मेहुण्याने नाशिकहून आणलेल्या हळदीच्या कॅप्सूल. आमच्या आत्याचा गुळवेलीचा काढा, निंबावरची वेल आहे हो, साधी नाही. आणि शेवटी बऱ्हाणपूरकडच्या कोण्या वैद्याची तपकिरी पुडी, नाव नाही, गाव नाही, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. कोणीतरी सांगितलं, गाठी विरघळतात.

पहिल्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये विचारलं होतं, "आणखी काही औषधं चालू आहेत का?" मी ठोकून दिलं, "बीपी आणि शुगर." खोटं बोललो नाही. काढा म्हणजे औषध, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

आमच्या धंद्यात एक आहे. एका मोटारीला दोन मेस्त्रींनी हात लावला, की तिसऱ्याकडे ती जळूनच येते. आबांना पाच लागलेत.

आता विचारायचं ते हे. यातलं काय मी माझ्या जबाबदारीवर बंद करू आणि कशाला हात लावू नको? डॉक्टरांपुढे ही पिशवी कशी ठेवू, बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात आणि मला लाज वाटते. आणि आमच्याकडे सध्या 44-45 चं ऊन आहे, आबांची खोली पत्र्याची, गोळ्या फळीवर. त्या खराब झाल्या असतील का? आबांना गार पाणी पण बंद केलंय, ते का, तेही कोणी सांगा. माठाकडे बघून ते मला शिव्या देतात.

मेडिकलवाली, धुळे

दादा, मी फार्मासिस्ट. दुकान धुळ्याला, त्याआधी चार वर्षं कॅन्सर वॉर्डाच्या फार्मसीत होते. आबांना तपासलेलं मी नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण मंगळवारपर्यंत थांबू नका, उद्याच फोन करा.

सगळ्यात आधी ती नसांची गोळी. पट्टी उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. मिथाइलकोबालामिनच्या शेजारी फॉलिक अ‍ॅसिड लिहिलंय का? बहुतेक असेल, अशा बऱ्याच गोळ्यांत ते 1.5 मिलिग्रॅम असतं. कॅपेसिटाबिन शरीरात जाऊन 5-एफयू नावाच्या औषधात बदलते. फॉलिक घराण्यातली औषधं या 5-एफयूचा मारा वाढवतात. इतका, की इंजेक्शनवाल्या 5-एफयूसोबत कॅन्सरचे डॉक्टर त्याच घराण्यातलं ल्युकोव्होरिन मुद्दाम देतात. फरक हा, की ते डोसचा हिशेब लावून देतात. इथे हिशेब कॅपेसिटाबिन एकटीचा आणि घरात जोडीदार गुपचूप आलेला. परिणाम दिसतो तो तोंडात, आतड्यात आणि तळहातावर. आबांचं त्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, नुसत्या कॅपेसिटाबिनने पण इतके जुलाब होतात. पण ती पट्टी आज बाजूला काढा. गावातल्या डॉक्टरांचाही दोष नका मानू. मुंग्या आल्या, नसांची गोळी दिली, कोणीही देतो. केमोत कोणतं औषध चालू आहे हे त्यांना कोणी सांगितलं होतं?

ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. पेशीच नाहीत म्हणजे पू नाही, सूज नाही, लाली नाही. इन्फेक्शन आत पसरत असताना बाहेर दिसतो तो फक्त ताप. पॅरासिटामॉल वाईट नाही, पण ती तोच एक पुरावा पुसते. तुमच्या भाषेत सांगू? शेतकरी स्टार्टर ट्रिप व्हायला लागला की मोटार वाचवायला ती बंद पाडणाऱ्या रिलेला काडी लावून मोटार चालवतात ना, तसं. मोटार चालते खरी, पुढे तुमच्याच दुकानात येते. म्हणून आधी थर्मामीटर, 100.4 किंवा वर असेल तर फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. त्यांनी हो म्हटलं तरच गोळी.

कमरेतल्या इंजेक्शनचं कारण वेगळं. केमोत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पण उतरतात. मग स्नायूत सुई टोचली की आत रक्त साकळू शकतं. शिवाय अशा इंजेक्शनात पुष्कळदा डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) किंवा डायक्लोफेनॅक (दुखण्याचं औषध) असतं. पहिलं ताप झाकतं आणि शुगर चढवतं, दुसरं किडनीला त्रास देतं. काय दिलं होतं ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.

गुडघ्याची अ‍ॅसिक्लोफेनॅक पण त्याच खात्यात. जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं, त्यावर ही गोळी, म्हणजे किडनीवर दुहेरी ओझं. आणि किडनी मंदावली की कॅपेसिटाबिनचा शरीराला मारा जास्त बसतो, डोस कमी करावा लागतो. प्लेटलेट कमी असताना या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याची भीती वेगळी. गंमत बघा, हेच डायक्लोफेनॅक मलम म्हणून लावलं तर कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय सोलतात ते कमी होतं. दिल्लीच्या एम्समध्ये 264 पेशंटवर तपासून 2024 मध्ये छापलंय. मलमाच्या गटात 3.8 टक्क्यांना जास्त त्रास झाला, साध्या मलमाच्या गटात 15 टक्क्यांना. पण तेही विचारून. पोटात घेणं आणि तळहाताला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच सांगायचं होतं.

बीपी आणि शुगरच्या गोळ्या मनाने अजिबात बंद करू नका. फक्त सलाईनच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, त्याने पुढचे दोन-तीन दिवस शुगर चढते, आणि जुलाब-उलट्या जोरात असतील तेव्हा मेटफॉर्मिनचं काय करायचं हे आधीच विचारून ठेवा. दोन पँटोप्राझोलपैकी एक तर जाणारच, दुसरी लागते का तेही ते बघतील.

जुलाबाचं: नेहमीपेक्षा दिवसाला चार वेळा जास्त, किंवा रात्री झोपेतून उठावं लागलं, की कॅपेसिटाबिनची पुढची पाळी घेण्याआधी फोन. बहुतेक वेळा ते थांबवायलाच सांगतात. आबा दोन दिवस तसेच घेत राहिले, ते मला सगळ्यात जास्त खटकलं.

ऊन. कॅपेसिटाबिनला फ्रिज लागत नाही, पण पत्र्याखालची फळी नको. घरात जुनी मातीच्या भिंतीची खोली किंवा धान्याची कोठी असेल तर तिथल्या कोनाड्यात ठेवा. माठाजवळ नको, ओल लागते. गाडीच्या डिकीत तर मुळीच नको, जळगावहून सावद्याला येईपर्यंत आत भट्टी होते. खोक्यावर किती तापमानाखाली ठेवा ते छापलेलं असतं. उद्या पेशी वाढवायचं फिल्ग्रास्टिमचं इंजेक्शन घरी दिलं, तर ते 2 ते 8 डिग्रीत लागतं. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलं की वाया.

आणि एक: गोळ्या काढून देतं कोण? माय देत असतील तर हातमोजे घालून, किंवा पट्टीतून थेट आबांच्या वाटीत. फोडायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत. नातवंडं घरात असतील तर बाकीच्या औषधांपासून वेगळ्या डब्यात.

रिवायंडिंगवाला, सावदा

ताई, पट्टी बघितली. फॉलिक अ‍ॅसिड 1.5 मि.ग्रॅ. आता काय बोलू. फोन लागला होता, त्यांनी ती गोळी, गुडघ्याची गोळी, काढा, कॅप्सूल आणि पुडी, पाचही थांबवून मंगळवारी पिशवीसकट बोलावलंय. रिलेचं समजलं. आता हे आबांना मीच समजावतो, त्यांनी स्वतः दोनदा काडी लावून मोटार जाळलेली आहे.

ब्लाउजवाली ताई, शिरपूर

भाऊ, मी ब्रेस्ट कॅन्सरची. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं उरकलं, आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या, त्याचं तिसरं वर्ष. तुमच्या लाजेचं वाचलं म्हणून लिहितेय.

मला पण लाज वाटायची. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघायच्या, रात्री झोप नाही, मशीनवर बसलं की डोळ्यात पाणी. घरच्या डॉक्टरांनी मन शांत राहायची गोळी दिली, पॅरोक्सेटिन. मी कोणाला सांगितलं नाही. डोक्याची गोळी खाते म्हटलं की बायका काय बोलतात, ठाऊक आहे. सहा महिन्यांनी तपासणीला गेले, तेव्हा पर्समधून पट्टी खाली पडली आणि मॅडमनी उचलली. त्या रागावल्या नाहीत, पण लगेच गोळी बदलली. म्हणाल्या, टॅमॉक्सिफेन गिळली म्हणजे काम झालं असं नाही, लिव्हर तिला कामाच्या रूपात बदलतं, आणि पॅरोक्सेटिन नेमकं तेच बदलणं अडवते. फ्लुऑक्सेटिन पण. झोपेच्या, मनाच्या सगळ्याच गोळ्या वाईट असं नाही, दुसरी दिली ती अजून चालू आहे आणि झोप येते. मात्र सहा महिने मी टॅमॉक्सिफेन अर्धवटच खात होते म्हणायची.

हळदीच्या कॅप्सूल मीही खायचे, मिरीचा अर्क घातलेल्या. त्याही बंद. नेदरलँड्समध्ये 2019 च्या एका अभ्यासात तशा कॅप्सूलने टॅमॉक्सिफेनचं ते कामाचं रूप रक्तात कमी झालेलं दिसलं. भाजीतली हळद नव्हे बरं. आमच्या सासूबाईंनी ऐकलं आणि महिनाभर वरण पांढरं केलं, नवरा वैतागला. फोडणीतली चिमूटभर वेगळी आणि कॅप्सूलमधला अर्क वेगळा.

आता मी काय करते, शंभरपानी वही केलीय. डाव्या पानावर औषधाचं नाव, कोणी दिलं, कशासाठी. उजव्या पानावर त्रास झाला तर तारीख. पट्टीवरच्या नावाखालचं छोटं नाव लिहायचं, मोठं नाव कंपनीचं असतं. डॉक्टरांपुढे वही उघडी ठेवायची आणि गप्प बसायचं. ते स्वतःच वाचतात, आपल्याला तोंड उघडून 'मी वैद्याकडे गेले होते' म्हणावं लागत नाही.

गार पाण्याचं: माझ्या नणंदेला ऑक्सॅलिप्लॅटिन होती. त्या औषधाने नसा थंडीला भलत्याच हळव्या होतात. सलाईननंतर चार-पाच दिवस फ्रिजचं पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होतो, जीव घाबरतो. फ्रिजमधून भांडं काढलं तरी बोटांत करंट बसल्यासारखं. तिने एकदा मे महिन्यात उसाचा रस बर्फ घालून प्यायला आणि रस्त्यातच बसली. आबांना म्हणावं, कोमट नाही तर साधं पाणी प्या, माठ पहिले काही दिवस लांब, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा.

जिभाऊ, पारोळा

भाऊ, एक सांगायचं राहून जाईल म्हणून घाईत लिहितो. मन्हा मोठा भाऊ, हृदयाचा वॉल बदलेल शे, आठ वर्षांपासून रक्त पातळ करायची गोळी चालू, अ‍ॅसेनोकुमॅरॉल. त्याला पण आतड्याचाच कॅन्सर आणि तुमच्या आबांचीच कॅपेसिटाबिन. दोन्ही गोळ्या दोन वेगळ्या शहरांतल्या दोन डॉक्टरांच्या. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचं माप, तीनच्या आसपास असतो त्याचा, तो सहाच्या वर निघाला. कॅपेसिटाबिनने ती रक्ताची गोळी अंगात साचते आणि रक्त नको तितकं पातळ होतं. आता दर आठवड्याला आयएनआर करतो. आते बरं शे, काळजी नही.

तुमच्या आबांना रक्ताची गोळी नाही दिसत, पण वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी असेल. फिटची फेनिटॉइन घेणाऱ्यांनी पण विचारावं, तिचंही तसंच होतं असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं.

निसर्गमित्र, अमळनेर

सगळे अ‍ॅलोपॅथीवाले एकत्र जमलेत. केमो म्हणजेच विष, त्याला काही बोलायचं नाही आणि बिचाऱ्या गुळवेलीच्या मागे लागायचं. म्हणे गुळवेलीने लिव्हर बिघडतं! आमच्या आजीने नव्वदीपर्यंत काढा घेतला, तिचं लिव्हर कधी बिघडलं नाही. आत्याचा काढा बंद करून काय मिळवलं?

मेडिकलवाली, धुळे

केमो विषच आहे की, नाही कोण म्हणतं. म्हणून तर ती मिलिग्रॅमवर मोजून, रक्त तपासून देतात. तुमच्या आजीबाईंच्या पोटात काढ्यासोबत कॅपेसिटाबिन नव्हती, एवढाच फरक.

गुळवेलीचं: 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंटची माहिती छापली, करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली आणि लिव्हरला इजा झाली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं, घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का हे नीट तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असते. मी त्या वादात पडत नाही. पण मग मला सांगा, आत्यांच्या निंबावरची वेल कोणी ओळखली? केमोतल्या माणसाचं लिव्हर बिघडलं तर डॉक्टरांना कळायला हवं ना, की औषधाने बिघडलं, कॅन्सरने की काढ्याने. तिघेही एकदमच चालू असतील तर शोधायचं कसं? मग केमो थांबतो, कारण थांबवता येतं ते तेच. औषधाचा, मग ते कुठल्याही पॅथीचं असो, उलटा परिणाम झाला तर 1800-180-3024 या सरकारी नंबरवर पेशंट स्वतःही कळवू शकतो, फार कमी लोक कळवतात.

खरी भीती मला गुळवेलीची नाही, पुडीची आहे. दादा, एक विचारते. पुडी सुरू केल्यावर आबांना भूक चांगली लागायला लागली होती का? गुडघे एकदम मोकळे वाटले? अशा बेनावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटलेलं सापडतं. तसं असेल आणि बरेच दिवस घेतली असेल तर ती एका दिवशी तोडणं पण धोक्याचं, चक्कर, बीपी पडणं असं होऊ शकतं. किती दिवस घेतली ते मंगळवारी नक्की सांगा. तोपर्यंत गळून गेल्यासारखं वाटलं तर मंगळवारची वाट बघू नका. कागदासकट पुडी सोबत न्या.

रिवायंडिंगवाला, सावदा

मंडळी, जळगावहून परत आलो, दुकान उघडलं नाही अजून, आधी लिहितो.

वही केली, शिरपूरच्या ताईंसारखी. पिशवी पण नेली. डॉक्टरांनी टेबलावरचा पेपर सरकवून जागा केली आणि सगळं ओळीने मांडलं. चाळीस पेशंट बाहेर होते, तरी दहा-बारा मिनिटं दिली. रागावले नाहीत. पुडी हुंगून बघितली आणि बाजूला ठेवली. एकोणीस दिवस घेतली होती. भूक लागत होती, हो. धुळ्याच्या ताई, तुम्ही विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, कारण माय तेच सांगत होती की पुडीने आबा चांगले जेवायला लागले. डॉक्टरांनी बीपी उभं-बसलेलं दोन्ही बघितलं, रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, सध्या तरी ठीक आहे म्हणाले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं नाही, पण माझ्याकडे बघणं सोडून खुर्ची आबांकडे वळवली. "आबा, एखादी पाळी चुकली होती का कधी?" आबा छताकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "दोनदा. मळमळत होतं, संध्याकाळच्या खाल्ल्या नही." डॉक्टर म्हणाले, "मग?" "मग काय, सकाळी सहा खाऊन टाकल्या. हिशेब पुरा केला."

मी सुन्न. दोनदा सहा-सहा. नवव्या दिवशी एकदा आणि अकराव्या दिवशी एकदा. आणि मी आठवडाभर गावातल्या डॉक्टरांना, आत्याला, मेहुण्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. का केलं असं विचारलं तर आबांचं उत्तर तयार, "एवढी महागाची दवाई, वाया कशी घालू? पाण्याची पाळी चुकली तर दुसऱ्या दिवशी जास्त वेळ मोटार चालवतोच ना आपण."

डॉक्टर हसले नाहीत, आबांच्याच भाषेत बोलले. म्हणाले, "केळीला फवारणी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट मारता का?" आबा म्हणाले, "नही, पान जळतं." "मग तेच." चुकलेली पाळी सोडून द्यायची, पुढची तिच्या वेळेला, तेवढीच. उलटीसोबत गोळी बाहेर पडली तरी परत घ्यायची नाही, फोन करायचा. आता आबांनी ते गाठीला बांधलंय, कारण पान जळालेलं त्यांनी पाहिलंय.

बाकी: तिसरा केमो आठ दिवस पुढे ढकलला, पेशी अजून पूर्ण वर आल्या नाहीत. कॅपेसिटाबिन सकाळी तीन आणि संध्याकाळी दोन केली. नसांची गोळी, अ‍ॅसिक्लोफेनॅक, हळदीच्या कॅप्सूल आणि एक पँटोप्राझोल वहीत लाल पेनाने खोडली. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल, पण आधी ताप मोजून. बोटांच्या मुंग्यांसाठी म्हणाले, त्या सलाईनचा डोस मी बघतो, तुम्ही फक्त शर्टाचं बटण लावता येतं की नाही ते दर वेळी सांगा. काढ्याचं आत्याला मी अजून सांगितलेलं नाही. तिला फक्त एवढं म्हटलं की डॉक्टर म्हणतात केमो संपेपर्यंत थांबा. ती रुसलीये. निसर्गमित्र, तुम्ही येऊन समजूत काढा तिची.

गोळ्या आता कोठीच्या खोलीतल्या कोनाड्यात. माय हातमोजे घालायला तयार नव्हती, म्हणे मी काय डॉक्टरीण आहे. माझ्या मुलीने दुकानातले माझे वार्निशचे मोजे आणून दिले तेव्हा हसली आणि घातले. ते चालत नाहीत हे मला माहीत आहे, साधे पातळ मेडिकलमधून आणलेत.

कॅलेंडर आबांच्या खाटेसमोर टांगलंय. घेतली की ते स्वतः पेनाने बरोबरची खूण करतात, चुकली तर फुली. फुली मारायला भ्यायचं नाही असं ठरलंय आमचं.

एकच राहिलं. मागच्या वेळी चौदाव्या दिवशी ताप होता म्हणून सहा गोळ्या उरल्यात. आबा म्हणतात पुढच्या खेपेला चालतील, डोस आता वेगळा आहे तरी. मी म्हणतो उकिरड्यावर टाकायच्या नाहीत आणि शेतात तर नाहीच. हॉस्पिटलची फार्मसी अशा उरलेल्या परत घेते का?

मेडिकलवाली, धुळे

पैसे परत नाही देणार, पण नष्ट करायला बहुतेक कॅन्सर हॉस्पिटलं घेतात. पट्टीतच ठेवा, पट्टी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा मुलीच्या हाताला लागणार नाही अशा जागी. पुढच्या केमोला जाताना फार्मसीच्या खिडकीवर विचारा. आणि आबांना सांगा, डोस मोजताना डॉक्टर या सहा गोळ्या हिशेबात धरत नाहीत.